गाणं कुणासाठी लिहायचं? देशभक्तिगीतांचे कार्यक्रम ठेवणाऱ्या कोल्हापूरकरांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील तालमी, तरुण मंडळं, शाळा-महाविद्यालयं, वाद्यवृंद आणि नाट्यसंस्था यांचे सर्व पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र कशासाठी आहे ते कळेल. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कारगिल विजय दिन अशा दिवशी आपण देशभक्तिगीतांचे जे कार्यक्रम ठेवता, त्यातल्या प्रत्येक कार्यक्रमात निदान एक गाणं नवं असावं. ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसानं लिहिलेलं असावं, इथंच त्याला चाल लागलेली असावी आणि ते समोर बसलेल्या साथीदारांच्या साथीनं गायलेलं असावं. जुनी गाणी बंद करा असं मी म्हणत नाही. ती माझ्याही जिवाची आहेत. पण नुसती तीच ती वाजवून आपण त्यांचाही मान राखत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मी शाळेत संगीत शिकवत आले. समूहगीत स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते. माझं सासर गडहिंग्लज तालुक्यातलं. त्या भागात ज्या घरातून कुणीच फौजेत गेलं नाही असं घर शोधावं लागतं. माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. तेव्हा गाणं आणि फौज या दोन्ही गोष्टी माझ्या घरात रोजच्या आहेत, आणि या दोन्हींची जी गाठ आपण स्टेजवर घालतो ती मला बोचते.

परवाच्या एका स्पर्धेतलं सांगते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे सगळीकडेच चाललंय. पंधरा-वीस मुलं-मुली, पांढरे शुभ्र गणवेश, दंडाला तिरंगी फीत. गाणं ओळखीचं, लताबाईंचं. साथीला पेटी नाही, तबला नाही. बाजूला एक मुलगा मोबाईल घेऊन उभा, मोबाईल स्पीकरला जोडलेला आणि त्यातून ट्रॅक सुरू. आता ट्रॅक म्हटला की तो बहुतेक मूळ ध्वनिमुद्रणाच्याच पट्टीत असतो. ती पट्टी लताबाईंच्या गळ्याची. सातवी-आठवीच्या मुलांचा गळा, त्यातही आवाज फुटू लागलेले मुलगे, त्यांना ती कशी पेलावी? अंतरा वर गेला तशा पोरांच्या माना ताणल्या, शिरा दिसायला लागल्या आणि निम्म्या मुलांनी नुसते ओठ हलवले. मधल्या संगीताच्या जागी सगळी पोरं हात मागे बांधून गप्प उभी, कारण करायचं काय ते कुणी शिकवलंच नव्हतं. पेटीवर बसलेल्या बाईंनी पट्टी दोन सुरांनी खाली घेतली असती, तर हीच मुलं मोकळ्या गळ्यानं गायली असती. आणि अंतऱ्यात मराठा शिपायाचा उल्लेख येतो त्या ओळीला एकाही मुलाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. घरोघरी फौजी असलेल्या सैनिक टाकळी गावाच्या जिल्ह्यातली मुलं! गाणं संपल्यावर निवेदकानं टाळ्या मागितल्या. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, ते कधी आणि कशासाठी झालं, यातलं एक अक्षरही स्टेजवरून आलं नाही.

म्हणून ही गाणी मुळात कशी जन्माला आली तेवढं सांगते. जगभरात देशभक्तीची जी गाणी टिकली, त्यातली बरीचशी कुठल्या तरी खेळासाठी, कुठल्या तरी जलशासाठी, युद्ध दारात असताना मागणीवरून लिहिली गेलेली आहेत. लिहिणाऱ्याला माहीत असायचं, हे कोण गाणार, समोर कोण बसणार, आणि उद्या त्यातलं कोण कुठं जाणार.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. आयर्विंग बर्लिन हा गीतकार-संगीतकार. रशियन साम्राज्यातून लहानपणी निर्वासित होऊन आलेल्या ज्यू कुटुंबातला. पहिल्या महायुद्धात १९१८ साली तो सक्तीच्या भरतीत सैन्यात गेला आणि न्यूयॉर्कजवळच्या कँप अप्टन या छावणीत पोचला. छावणीला सैनिकांच्या भेटीला येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक घर बांधायचं होतं, त्याला पैसे हवे होते. वरिष्ठांनी याला सांगितलं, तू गाणी करतोस ना, मग एक खेळ बसव. त्यानं ‘यिप यिप याफँक’ नावाचा संगीत खेळ लिहिला. नट सगळे छावणीतलेच शिपाई. त्या खेळातलं सर्वांत गाजलेलं गाणं कोणतं असावं? तुताऱ्या-नगाऱ्यांचं नव्हे. पहाटे बिगूल वाजवून झोपमोड करणाऱ्या बिगूलवाल्यावर चिडलेल्या शिपायाचं गाणं! सकाळी उठायचा मला किती कंटाळा आहे, एवढाच त्याचा विषय. बर्लिन स्वतः स्टेजवर येऊन ते म्हणायचा. समोर बसलेल्या प्रत्येक आईला आपला पोरगा घरी असताना कसा लोळत पडायचा ते आठवत असणार.

याच खेळासाठी त्यानं आणखी एक गाणं लिहिलं होतं, देशासाठी देवाचा आशीर्वाद मागणारं, ‘गॉड ब्लेस अमेरिका’. ते त्यानं स्वतःच काढून टाकलं. हसऱ्या-खेळकर खेळात हे गाणं फार गंभीर वाटेल, युद्धावर निघालेल्या शिपायांच्या तोंडी ते जड होईल, असं त्याला वाटलं. वीस वर्षं ते कागदावरच राहिलं. १९३८ साली युरोपवर पुन्हा युद्धाचं सावट आलं तेव्हा त्यानं ते बाहेर काढलं, काही शब्द बदलले आणि केट स्मिथ या गायिकेनं त्या नोव्हेंबरमध्ये ते रेडिओवरून गायलं. आज त्या देशात त्याला जवळजवळ राष्ट्रगीताचा मान आहे. गाण्याचं मानधन बर्लिननं स्वतःकडे ठेवलं नाही, ते बालवीर आणि वीरबाला संघटनांना देऊन टाकलं. मला यातलं सर्वांत मोठं वाटतं ते हे, की चांगलं गाणं हातात असूनसुद्धा, हे आत्ता या माणसांच्या तोंडी शोभणार नाही, असं म्हणून ते बाजूला ठेवण्याइतका विवेक त्याच्यापाशी होता. आपले कार्यक्रम बसवताना असा विचार आपण कधी करतो का?

पुढे दुसऱ्या महायुद्धात, ४ जुलै १९४२ ला, त्याचा दुसरा खेळ न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला, ‘धिस इज द आर्मी’. सुमारे तीनशे शिपाई स्टेजवर. त्या काळी अमेरिकन सैन्यात काळ्या आणि गोऱ्या शिपायांच्या तुकड्या वेगवेगळ्या असत. या खेळाच्या तुकडीत मात्र ते एकत्र राहिले, एकत्र फिरले. उत्पन्न सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या निधीला गेलं. आणि बर्लिन, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, आपला १९१८ चा जुना गणवेश चढवून तेच बिगूलवाल्याचं गाणं म्हणायला पुन्हा उभा राहिला. खेळ इंग्लंड, इटली, उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व करत शेवटी पॅसिफिकच्या बेटांवर गेला.

त्याच काळात इंग्लंडची गायिका व्हेरा लिन १९४४ च्या वसंतात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली आणि तिनं घनदाट रानातल्या तळांवर, इस्पितळांत, शिपायांसमोर गाणी म्हटली. आपण पुन्हा भेटू, कुठं ते माहीत नाही, कधी ते माहीत नाही, हे तिचं गाणं तिथल्या ब्रिटिश सैनिकांना पाठ होतं. त्याच वसंतात, मार्च १९४४ मध्ये, मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजत होती. त्यातले किती गडी आपल्या घाटावरचे असतील! त्यांच्यासाठी आपल्या भाषेत कोण गात होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. घरी राहिलेल्या बायका गात होत्या, एवढं मला माहीत आहे. माझ्या आजेसासूबाईंच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या होत्या, त्यात पलटणीत गेलेला भाऊ होता, मिरजेचं स्टेशन होतं, मनिऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन होता. लिहून कुणी ठेवल्या नाहीत. त्या गेल्या आणि ओव्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

कुणी म्हणेल, हे सगळं साहेबांचं झालं, आपलं काय? आपलं तर घरातच आहे. देशासाठी रंगभूमी उभी करणं कोल्हापूरनं अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलंय. ज्यांचं नाव आपल्या नाट्यगृहाला आहे त्या संगीतसूर्य केशवराव भोसल्यांनी ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग केला. दोन मंडळ्या एकमेकींच्या स्पर्धक, दोन्ही नटांचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहणारे. तरी दोघे एका स्टेजवर उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या नाटकाच्या चाली आपल्याच मातीतल्या गोविंदराव टेंब्यांच्या. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. राजर्षी शाहूंनी उभारलेलं ते थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पेटलं तेव्हा खासबागेच्या बाजूला उभी राहून रडणारी माणसं मी पाहिलीत. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या वास्तूसाठी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं त्यांनाच मी हे पत्र लिहितेय. भिंती, छप्पर, खुर्च्या पुन्हा होतील. पण त्या रंगमंचावर देशाच्या नावानं जे गायलं जाईल ते मोबाईलमधल्या ट्रॅकवर व्हावं, हे केशवरावांच्या नावाला शोभतं का?

मास्टर दीनानाथांचं घ्या. वीर वामनराव जोशी यांचं ‘रणदुंदुभी’ १९२७ सालचं. रामकृष्णबुवा वझ्यांचं संगीत. पारतंत्र्याचा फास गळ्यात पडलेल्या माणसाची दशा सांगणारं पद दीनानाथांनी त्यात गायलं आणि ते घरोघर पोचलं. सभेत बोलायला बंदी होती तेव्हा नाटकाच्या पदातून ते बोललं जात होतं. प्रेक्षक वन्समोअर देत होते तो चालीसाठी होता तितकाच त्या शब्दांसाठीही होता.

दीनानाथ १९४२ साली गेले. त्यानंतर मास्टर विनायकांनी त्या कुटुंबाला आधार दिला. विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स ही चित्रपटसंस्था तेव्हा आपल्या कोल्हापुरात होती आणि किशोरवयीन लता मंगेशकर इथं कामाला होत्या. १९४३ च्या सुमारास ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी पहिलं हिंदी गाणं गायलं, ते देशासाठी उठणाऱ्या सुपुत्राचंच गाणं होतं. बाहेर महायुद्ध चालू, देशात चले जाव, आणि कोल्हापुरात एक चौदा वर्षांची मुलगी देशाचं गाणं गातेय. वीस वर्षांनी दिल्लीत जे झालं त्याची पूर्वतयारी आपल्या गावात झाली असं मी मुलांना सांगते, तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. ट्रॅक लावून डोळे चमकत नाहीत.

सुधीर फडके तर जन्मानं कोल्हापूरचे. दादरा-नगरहवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सोडवायची म्हणून काही मराठी माणसांनी जिवावर उदार होऊन बेत आखला, त्यात बाबूजी होते. हत्यारांना, प्रवासाला पैसा हवा होता. १९५४ साली पुण्यात लताबाईंचा कार्यक्रम ठेवून तो उभा केला गेला आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. गाण्याच्या कार्यक्रमातून उभ्या राहिलेल्या पैशावर मुलूख स्वतंत्र झाला, आणि तो बेत आखणाऱ्यांत आपल्या गावचा संगीतकार होता! हे कोल्हापूरच्या किती शाळांत सांगितलं जातं?

आणि मग ते १९६३ चं गाणं, ज्याच्याशिवाय आपला एकही कार्यक्रम होत नाही. चीनच्या युद्धात आपण हरलो होतो. देश खचला होता. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये कार्यक्रम होता, त्यासाठी कवी प्रदीप यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लिहिलं. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांची. समोर पंडित नेहरू, राष्ट्रपती राधाकृष्णन. त्या गाण्यात शत्रूचं नावसुद्धा नाही, हे कधी नीट लक्ष देऊन ऐकलंत का? कुणाला शिवी नाही, कुणाला ललकार नाही. जे परत आले नाहीत त्यांची आठवण फक्त. जिंकल्याचं गाणं लिहिणं सोपं. हरलेल्या देशाची मान न झुकवता, खोटा आवही न आणता, रडू मोकळं करून देणं, याला काय ताकद लागत असेल! ज्यानं हे लिहिलं तो कवी त्या दिवशी त्या स्टेडियममध्ये नव्हता. म्हणून तरी, निदान आपण, गाण्याआधी त्याचं नाव घ्यायला हवं.

त्याची आणखी एक गोष्ट आहे. प्रदीप यांनी या गाण्याचं मानधन युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला देऊन टाकलं होतं. रेकॉर्ड कंपनीकडून ते पैसे नीट पोचले नाहीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००५ साली न्यायालयानं थकबाकीपोटी १० लाख रुपये त्या निधीत भरायला लावले. गाणं चाळीस वर्षं गल्लोगल्ली वाजत होतं. ऐकून डोळे पुसणारे आपण सगळेच होतो. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांच्या हाती मात्र कोर्टात गेल्याशिवाय पैसे पडले नाहीत.

यावरून आपल्या कार्यक्रमांच्या पैशाचंही बोलते. मंडप, ध्वनिव्यवस्था, एलईडी पडदा, पाहुण्यांचे फेटे, फ्लेक्स या सगळ्याला वर्गणी जमते. समोरच्या रांगेत माजी सैनिक आणि वीरपत्नी बसवल्या जातात, मध्ये कधीतरी वर बोलावून शाल-श्रीफळ दिलं जातं. सत्कार करूच नये असं नाही, मनापासून केलेला असतो तो. पण माझ्या जावेचं काय झालं ते सांगते. तिचे यजमान सेवेत असताना गेले. एका कार्यक्रमात तिला दोन तास बसवून ठेवलं, पुढाऱ्यांची भाषणं झाली, तिचा नंबर आला तेव्हा शेवटची एसटी गेली होती. तिला शाल मिळाली, घरी सोडायला कुणी नव्हतं. सशस्त्र सेना ध्वजदिन निधी १९४९ पासून आहे, ७ डिसेंबरला त्याचं संकलन सुरू होतं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोल्हापुरातच आहे. कार्यक्रमाच्या जमेतला ठरावीक वाटा तिथं भरून त्याची पावती पुढच्या वर्षी स्टेजवर वाचून दाखवा. बर्लिन असो, केशवराव असोत, बाबूजी असोत, त्यांच्या कार्यक्रमांना एक हिशेब होता. पैसा कुठं जाणार ते तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असायचं.

आता नव्या गाण्याकडे येते. हल्ली युद्धाच्या वातावरणात नवी गाणी येतच नाहीत असं नाही. सीमेवर काही घडलं की दोन दिवसांत मोबाईलवर गाणी फिरायला लागतात. पण त्यात काय असतं? घुसून मारू, नकाशावरून पुसू, बाप दाखवू. डीजेचा ठोका, वर आरोळी. माझे यजमान अशी गाणी ऐकतात आणि उठून बाहेर जाऊन बसतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्यानं गोळीचा आवाज ऐकलाय तो असं ओरडत नाही." एवढंच बोलले. पलटणीत काय गायचात असं विचारलं की मात्र खुलतात. बडाखान्याच्या, म्हणजे पलटणीच्या मेजवानीच्या, रात्री झांजपथक, लेझीम, मग कुणी गवळण म्हणायचा, कुणी तमाशातली लावणी, कुणी घरच्या म्हशीवर केलेलं गाणं. लंगरच्या डाळीवरचं एक गाणं होतं, ते अजून त्यांना अर्धंमुर्धं येतं. सुट्टी मंजूर झाली की जो गडी बॅग भरत असे त्याला चिडवायचं एक गाणं होतं. हीच ती बिगूलवाल्याच्या जातीची गाणी! आपल्याकडेही होती, आहेत. त्यांना स्टेज कुणी दिलं नाही, इतकंच.

आणि आमच्या बाजूचं? फौजीच्या बायकोचं? त्या काळात पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. पत्रात तो बरा आहे असं लिहिलेलं असायचं, आणि ते वाचताना मनात यायचं, की हे पंधरा दिवसांपूर्वीचं बरं. १९९९ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टीव्ही एका घरात होता, बातम्यांच्या वेळेला सगळ्या फौजींच्या बायका तिथं जमायच्या. कुणी काही बोलायचं नाही. बातम्या संपल्या की कुणाचं नाव आलं नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा, आणि लगेच आपल्यालाच शरम वाटायची, कारण दुसऱ्या कुणाचं तरी नाव आलेलं असायचं. याचं गाणं कुठं आहे? हे गाणं देशभक्तीचं नाही का?

हे मुंबईचा गीतकार लिहू शकणार नाही. हे इथल्याच माणसानं लिहायचं आहे. आणि लिहिणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं कुणी म्हणू नये. शाहीर लहरी हैदर, शाहीर पिराजीराव सरनाईक यांचं हे गाव. जगदीश खेबुडकरांनी याच गावात राहून गाणी लिहिली. आजही आपल्या पेठांत डफ उचलणारी पोरं आणि पोरी आहेत, शिवजयंतीला त्यांच्या आवाजानं चौक दणाणतो. पण आपण त्यांना दर वर्षी तेच दोन-चार पोवाडे म्हणायला लावतो. पोवाडा हे तर ताज्या घटनेवर लिहायचं हत्यार. दुसरं महायुद्ध चालू असताना अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. कुठं रशिया, कुठं वाटेगाव! आणि आपल्याला गडहिंग्लजच्या, चंदगडच्या, शिरोळच्या पोराची लढाई गायला सुचत नाही?

करायचं कसं, तर सोपं आहे. कार्यक्रमाच्या तीन-चार महिने आधी एखाद्या शाहिराला, एखाद्या कवयित्रीला, एखाद्या मराठीच्या मास्तरांना घेऊन सैनिक टाकळीला जा. पारावर बसा. तिथं पिढ्यान् पिढ्या फौजेत गेलेली घरं आहेत. त्यांना पराक्रम विचारू नका, तो ते सांगणार नाहीत. ट्रंकेत काय काय भरायचात ते विचारा. पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा काय वाटलं ते विचारा. आईनं बरोबर दिलेल्या चटणीचा डबा कितवर पुरला ते विचारा. घरातल्या बाईला वेगळं विचारा, तिच्याकडे वेगळं गाणं आहे. मग त्या शब्दांना पेटीवर चाल बसवा, मुलांच्या गळ्याच्या पट्टीत. डफ, तुणतुणं, हलगी, ढोलकी यातलं जे असेल ते घ्या. झील, म्हणजे शाहिरामागून धरायचा सूर, मुलांना द्या, झील धरायला पोरांना फार आवडतं आणि कुणी नुसते ओठ हलवत उभं राहत नाही. पहिल्या वर्षी गाणं साधारण होईल. होऊ द्या. बर्लिनचं मोठं गाणंही पहिल्या खेळात बसलं नव्हतं.

शिवाजी विद्यापीठाला यात वेगळी विनंती आहे. आपलं विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं, म्हणजे चीनचं युद्ध ऐन भरात असताना. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. विद्यापीठाच्या उद्घाटनाला जे राष्ट्रपती राधाकृष्णन कोल्हापुरात आले होते, तेच दोन महिन्यांनी त्या स्टेडियममध्ये प्रदीपांचं गाणं ऐकत होते. अशा मुहूर्तावर जन्मलेल्या विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगीतासाठी स्वरचित गाण्याला वेगळं बक्षीस असावं, आणि जात्यावरच्या, बराकीतल्या, निरोपाच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण गावोगावी जाऊन करून ठेवावं. ही गाणी ज्यांना येतात त्या बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत. याला समिती नेमून दोन वर्षं घालवण्याइतका वेळ हाताशी नाही.

"लोकांना जुनीच गाणी लागतात हो," असं एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला सांगितलं. त्यांचं खोटं नाही. पण जुनी म्हणतो ती गाणीही कधीतरी पहिल्यांदा गायली गेली. २७ जानेवारी १९६३ च्या सकाळी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. कुणीतरी ते लिहून घेतलं, तालमी केल्या, स्टेज दिलं, म्हणून आपल्याला ते मिळालं. आपण मात्र नुसते घेणारेच राहिलो आहोत. दहा जुन्या गाण्यांच्या पाठीवर एक नवं घेतलं तर कुणी उठून जाणार नाही. निवेदकानं, हे गाणं अमुक गावच्या अमुक शिपायाच्या आईनं सांगितलेल्या गोष्टीवरून केलंय, एवढं सांगितलं तर मागच्या रांगेतला माणूससुद्धा पुढे सरकून बसेल, याची मी खात्री देते.

माझ्याकडून जे होईल ते मी करीन. शब्द घेऊन या, चाल लावून देईन. मुलांना बसवायला दर शनिवारी दुपारी कोणत्याही शाळेत यायला तयार आहे. मानधन नको. ट्रॅकशिवाय गाणं कसं बसवायचं याचं शिबिर घ्यायचं असेल तर आणखी चार पेटीवाले आणि दोन ढोलकीवाले मी घेऊन येईन, त्यांना मी विचारून ठेवलंय.

येत्या ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला पहिलं गाणं गायचं असं धरून चालू. कोणत्या तालमीनं, कोणत्या शाळेनं पुढे यायचं ते आपापसांत ठरवून कळवावं. ठरलं की टाकळीला जायची तारीख काढू. गाडीची सोय आमच्याकडे आहे.

आपली,
शिवाजी पेठेतील एक संगीत शिक्षिका
कोल्हापूर